अंगठा, सही आणि पुन्हा अंगठा

आम्ही चिंचपाड्याहून बोलतोय. तालुका नवापूर, जिल्हा नंदुरबार. सुरत-भुसावळ लाईनीवरचं आमचं छोटं स्टेशन तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी गाडीच्या खिडकीतून बघितलं असेल. आज आम्हाला इंटरनेट शिकण्याबद्दल बोलायचं आहे. पण सुरुवात मोबाईलपासून करणार नाही, अंगठ्यापासून करणार आहोत. का, ते पुढे लक्षात येईल.

आमच्या आज्यांच्या काळात कागद म्हटला की अंगठा. सावकाराकडे गेलं, अंगठा. कचेरीत गेलं, अंगठा. शाईचा तो डबा, त्यात बोट बुडवायचं, कागदावर टेकवायचं आणि मग बोट लुगड्याच्या पदराला पुसायचं. कागदावर काय लिहिलं आहे ते वाचून दाखवणारा तोच, ज्याच्या फायद्याचा तो कागद.

ही रीत आपल्या देशात पक्की केली इंग्रजांच्या कारभाराने. 1858 साली बंगालमध्ये विल्यम हर्शेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने रस्त्याच्या खडीचा करार केला, आणि ठेकेदाराच्या सगळ्या हाताचा ठसा त्या कागदावर घेतला. कशासाठी? तर त्या माणसाने उद्या "मी असा करार केलाच नाही" म्हणू नये. पुढे 1897 साली कलकत्त्यात बोटांच्या ठशांचं सरकारी कार्यालय उघडलं. जगातलं ते पहिलं. म्हणजे ठसा निघाला तो समोरच्या माणसाला बांधून ठेवायला. त्याला कागदातलं समजावं म्हणून नाही. अंगठा आपली ओळख दुसऱ्याला देतो, पण कागदात काय आहे ते आपल्याला सांगत नाही. एवढं एक वाक्य लक्षात ठेवा. आजचं सगळं बोलणं त्याच्यावरच आहे.

याची किंमत आमच्या जिल्ह्याने मोजली आहे. शहादा, तळोदा या भागात आदिवासींच्या जमिनी कर्जापोटी, गहाणापोटी दुसऱ्यांच्या नावावर गेल्या. कधी थोड्या धान्यासाठी, कधी लग्नाच्या खर्चासाठी घेतलेले पैसे, आणि कागदावर अंगठा. माणूस आपल्याच शेतात सालदार झाला. 1970 नंतर अंबरसिंग महाराजांसारखे कार्यकर्ते उभे राहिले, 1972 साली शहाद्यात श्रमिक संघटना उभी राहिली, जमिनी परत मिळाव्यात म्हणून लोक एकत्र आले. त्यात बायका मागे नव्हत्या. त्यांनी मजुरीच्या लढ्यात भाग घेतला, दारूच्या विरोधात गावागावांत हंडे-मडकी फोडली. 1974 साली राज्यात कायदा झाला, की 1957 ते 1974 या काळात बिगरआदिवासींच्या हातात गेलेल्या आदिवासींच्या जमिनी परत द्यायच्या. कायद्याने काहींना जमीन मिळाली, काहींच्या फाईली वर्षानुवर्षं फिरत राहिल्या. पण आमच्या आजी-आजोबांच्या पिढीला एक धडा मिळाला. न वाचता अंगठा द्यायचा नाही.

मग आली सही. 1988 साली राष्ट्रीय साक्षरता मिशन सुरू झालं आणि पुढच्या दहा वर्षांत रात्रीचे वर्ग, पाटी-पेन्सिल, कंदील हे सगळं आपल्या पाड्यांवर आलं. आमच्यापैकी काही जणी तेव्हा लहान होत्या, आईच्या मांडीवर बसून तिला अक्षरं गिरवताना बघत होत्या. 1992 साली नाबार्डने देशात 500 बचतगटांना बँकेशी जोडण्याचं काम हाती घेतलं. तिथून ही चळवळ वाढत गेली. आपल्या राज्यात महिला आर्थिक विकास महामंडळ, नंतर 2011 पासून उमेद. गटात आलेल्या बाईला पहिली गोष्ट काय शिकवली? सही. बैठकीच्या वहीत स्वतःचं नाव लिहायचं. बँकेत खातं उघडताना अंगठ्याच्या चौकोनात नाही, सहीच्या रेघेवर लिहायचं.

हे शिकायला कुणाला एक महिना लागला, कुणाला वर्ष. आमच्या गटातली एक आजी चुलीजवळच्या राखेत काडीने नाव काढायची. पहिल्यांदा बँकेत सही केली त्या दिवशी ती घरी येईपर्यंत कुणाशी बोलली नाही. सुनेने विचारलं काय झालं, तर म्हणाली, "आज साहेबाने बोट नाही धरलं."

आता इंटरनेटकडे येऊ. आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झालं 15 ऑगस्ट 1995 ला, विदेश संचार निगम या सरकारी कंपनीने सुरू केलं, आणि तेही आधी मुंबई, दिल्ली अशा मोठ्या शहरांत. टेलिफोनच्या तारेतून ते यायचं, फार हळू चालायचं आणि फार महाग होतं. त्या वेळी आमचा नंदुरबार जिल्हासुद्धा नव्हता. तो 1 जुलै 1998 ला धुळ्यातून वेगळा झाला.

त्याच 1998 साली महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला एक मोठा प्रयोग झाला. कोल्हापूर-सांगलीकडच्या वारणानगरला साखर कारखान्याच्या भोवतालच्या 70 गावांत संगणक बसवले. पैसा केंद्र सरकारचा, राज्य सरकारचा आणि वारणेच्या सहकारी संस्थांचा. शेतकऱ्याने गावातच बसून आपला ऊस किती गेला, पैसे किती झाले ते बघावं, बाजारभाव बघावा, दाखले घ्यावेत, असा विचार होता. त्यातलं उसाच्या वजनाचं आणि बिलाचं काम लोकांना खरंच उपयोगी पडलं. बाकीचं फारसं चाललं नाही. काही वर्षांनी तिथे असाही प्रयोग झाला, की संगणक बाजूला ठेवून तीच माहिती साध्या मोबाईलवर मेसेजने द्यायची. तो लोकांना सोपा वाटला. यातून एक गोष्ट कळते. यंत्र किती मोठं आहे याला महत्त्व नाही. ज्या माहितीची गरज आहे ती आपल्या हातात येते की नाही, ते बघायचं.

2001 साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झालं आणि त्याचा एमएस-सीआयटी हा कोर्स राज्यभर पसरला. आमच्यातल्या ज्या दोघी-तिघी बी.ए. पर्यंत शिकल्या त्यांनी तो केला, कारण सरकारी नोकरीच्या अर्जाला तो लागायचा. परीक्षा पास झालो, सर्टिफिकेट आलं. पण घरी संगणक नाही, गावात नाही. सर्टिफिकेट पेटीत गेलं.

खरं इंटरनेट आमच्या पाड्यांवर आलं ते 2016 नंतर, मोबाईलवरून. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये नवी कंपनी बाजारात आली, तिने इंटरनेट आधी फुकट दिलं, मग इतर कंपन्यांनाही भाव उतरवावे लागले. नोव्हेंबरमध्ये नोटबंदी झाली. गुजरातेत ऊसतोडीला गेलेल्या लोकांच्या हातात मोठे मोबाईल आले. लक्ष द्या, लोकांच्या म्हणजे बहुतेक पुरुषांच्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची 2019 ते 2021 ची आकडेवारी आहे. देशात 100 पुरुषांतल्या 57 जणांनी कधी ना कधी इंटरनेट वापरलं होतं, 100 बायकांतल्या 33 जणींनी. आणि फक्त खेड्यातल्या बायका घेतल्या तर 100 मध्ये 25 सुद्धा नाहीत. घरात मोबाईल असतो, पण तो नवऱ्याच्या खिशात नाही तर पोराच्या हातात. बाईच्या हातात येतो तो फोन आला की बोलायला, आणि बोलून झालं की परत द्यायला.

याच काळात अंगठा परत आला.

29 सप्टेंबर 2010 ला आपल्याच जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात, पंतप्रधान मनमोहन सिंग आले होते. देशातला पहिला आधार क्रमांक त्या दिवशी टेंभलीतल्या एका बाईला मिळाला. ज्या शहाद्यात अंगठ्यापायी गेलेल्या जमिनींसाठी लोक उठले होते, त्याच तालुक्यात चाळीस वर्षांनी दहा बोटांचे ठसे आणि डोळ्यांची ओळख घेऊन नवा कारभार सुरू झाला. आधारमुळे कामं झाली, हे आम्ही नाकारत नाही. ज्यांच्याकडे कसलाच कागद नव्हता त्यांना एक कागद मिळाला. पैसे थेट खात्यात येऊ लागले. बँक लांब असली तरी गावातल्या केंद्रात अंगठा लावून पैसे काढता येऊ लागले. शाईचा डबा गेला, काचेचं मशीन आलं. मशीन इंटरनेटवरून विचारतं, की हा अंगठा अमक्या आधार क्रमांकाचाच आहे का, आणि तिकडून होय किंवा नाही असं उत्तर येतं.

पण आमच्या बायकांचे अंगठे कसे असतात तुम्हाला माहीत आहे. भात लावणी, निंदणी, लाकडं, भांडी. रेघा झिजून जातात. मशीन म्हणतं, ठसा जुळत नाही. कधी रेंज नसते. मग पुन्हा लाव, पुसून लाव, दुसरं बोट लाव.

आमच्या गटातल्या एका मावशीचं असंच झालं. पैसे काढून देणाऱ्या एका माणसाकडे ती 500 रुपये काढायला गेली. तो म्हणाला, मशीन घेत नाही, परत लाव. तिने परत लावला. तिसऱ्यांदा लावला. 500 रुपये घेऊन घरी आली. पावती मागितली नाही, त्यानेही दिली नाही. तिच्या खात्याला मोबाईल नंबर जोडलेला नव्हता, म्हणून मेसेज येण्याचा प्रश्नच नव्हता. दोन महिन्यांनी पासबुक भरून आणलं आणि गटाच्या बैठकीत दाखवलं. त्याच तारखेला 500 एकदा आणि 2000 एकदा निघाले होते.

आम्ही सहा जणी पासबुक घेऊन त्या माणसाकडे गेलो. आधी तो म्हणाला, सर्व्हरचा घोळ असेल. आम्ही म्हटलं, मग बँकेत लेखी अर्ज देतो. दुसऱ्या दिवशी 2000 रुपये परत आले. मावशी खूश झाली, पण आम्ही नाही झालो. ती सही करणारी बाई होती. वीस वर्षांपूर्वी सही शिकली होती. आणि पुन्हा ती अशा जागी उभी होती, जिथे अंगठा तिचा आणि वाचणारा दुसरा. फक्त कागदाच्या जागी मोबाईलची काच.

त्या महिन्याच्या बैठकीत ठराव केला, की सही शिकलो तसं हे पण शिकायचं.

हे काम करणाऱ्या आम्ही काही पहिल्या नाही. 2015 साली गूगल आणि टाटा ट्रस्ट यांनी इंटरनेट साथी नावाचं काम सुरू केलं होतं. गावातल्याच एका बाईला शिकवायचं, तिला मोबाईल, टॅबलेट आणि सायकल द्यायची, आणि तिने आजूबाजूच्या पाड्यांवर जाऊन बाकीच्या बायकांना शिकवायचं. हजारो साथींनी देशातली लाखो गावं पालथी घातली. 2017 मध्ये केंद्र सरकारने प्रत्येक ग्रामीण कुटुंबातल्या एका माणसाला 20 तासांत डिजिटल शिक्षण द्यायची योजना आणली, 6 कोटी कुटुंबांसाठी. चांगली योजना होती. पण घरातून एकच माणूस म्हटल्यावर किती घरांतून बाई गेली असेल, याचा विचार तुम्हीच करा.

आमचा वर्ग अंगणवाडीच्या ओट्यावर, दर बुधवारी, बाजारावरून आल्यावर. पहिली अडचण मोबाईलची नव्हती, भाषेची होती. आमच्या घरात मावची बोलतात, काही घरांत कोकणी, भिली. मराठी शाळेची आणि कचेरीची. इंग्रजी तर लांबच. मराठी टाईप करायचं म्हटलं की अक्षर सापडत नाही, वेलांटी सापडत नाही, मोबाईल परत जाग्यावर. वाट सापडली ती बोलण्याची. 2017 च्या ऑगस्टमध्ये गूगलने मराठीत बोलून टाईप करायची सोय आणली. माईकचं चित्र दाबायचं आणि बोलायचं, मशीन लिहितं. एका बाईला अक्षर येत नसलं तरी बोलता येतं. पहिल्या दिवशी आम्ही सगळ्या जणींनी माईक दाबून एकच गोष्ट विचारली, "कोंबड्यांना मर लागली तर काय करायचं". उत्तर आलं, आणि ते वाचून दाखवायलाही मोबाईलला सांगता आलं. मावचीत विचारलं तर त्याला कळलं नाही. 2025 मध्ये केंद्राच्या आदिवासी मंत्रालयाने आदिवाणी नावाचं ॲप आणलं आहे, त्यातल्या पहिल्या भाषांमध्ये भिली आहे. आमच्या भाषेचा नंबर लागेल तेव्हा लागेल. तोपर्यंत मराठीत बोलू.

2024 च्या जुलैमध्ये लाडकी बहीण योजना आली. महिन्याला 1500 रुपये, अर्ज मोबाईलवर. गावात एकच गडबड. अर्ज मोफत होता, तरी पैसे घेऊन भरून देणारे लोक उभे राहिले. आमच्या बुधवारच्या वर्गातल्या पाच जणींनी अंगणवाडीताईंच्या मदतीने स्वतःचे अर्ज भरले, मग दुसऱ्यांचे भरले. रात्री अकरा वाजता रेंज चांगली असते म्हणून ओट्यावर बॅटरी लावून बसलो. ज्या नवऱ्यांनी "तुला काय करायचंय मोबाईल" म्हटलं होतं, तेच चहा घेऊन आले. 2025 मध्ये ई-केवायसी करायला सांगितलं, तेव्हा आम्ही घाबरलो नाही.

पण आम्हाला सगळ्यात मोठी वाटते ती दुसरीच गोष्ट. 1 मे 2018 पासून आपल्या राज्यात सही-शिक्क्याचा डिजिटल सातबारा घरबसल्या मिळतो. 15 रुपये लागतात. नुसता बघायचा असेल तर महाभूलेखवर तोही बघता येतो. एका बुधवारी आम्ही सगळ्या जणींनी आपापल्या शेताचा सातबारा उघडला. एका ताईचा नवरा वारून चार वर्षं झाली होती. दीर म्हणत होता, "सगळं बरोबर आहे, तुझं नाव लागलंय." सातबारा उघडला. तिचं नाव नव्हतं. मुलांचं नव्हतं. नवऱ्याचंच नाव अजून तिथे होतं. दिराने खोटं सांगितलं की त्यालाही माहीत नव्हतं, त्यात आम्ही पडलो नाही. ती मृत्यूचा दाखला घेऊन तलाठ्याकडे गेली, वारस नोंदीचा अर्ज दिला, पोच घेतली. काही महिन्यांनी तिने पुन्हा सातबारा उघडला. तिचं आणि दोन्ही मुलांचं नाव. तिने तो मोबाईल आळीपाळीने आम्हा सगळ्यांच्या हातात दिला.

आमच्या आज्यांच्या जमिनी न वाचलेल्या कागदावर गेल्या. ही जमीन वाचल्यामुळे राहिली. म्हणून आम्ही म्हणतो, की इंटरनेट शिकणं ही शहरातल्या लोकांची हौस नाही. तो आपल्या सहीचा पुढचा धडा आहे.

आता ज्या जणी सुरुवात करणार आहेत त्यांच्यासाठी, आमच्या ओट्यावर चालतं ते सांगतो.

पहिलं, गटाने शिका, एकटीने नाही. एका मोबाईलवर चार जणी चालतात, पण आळीपाळीने प्रत्येकीने स्वतःच्या बोटाने दाबायचं. शिकवणारीने मोबाईल हातात घ्यायचा नाही, तोंडाने सांगायचं. हातात घेतला की शिकणारी नुसती बघत बसते.

दुसरं, माईकपासून सुरू करा. आपल्या कामाचा प्रश्न विचारा. आणि आलेलं प्रत्येक उत्तर खरं नसतं, हेही पहिल्याच दिवशी सांगा. औषधाचं असेल तर आशाताईला किंवा दवाखान्यात विचारूनच.

तिसरं, बँक खात्याला स्वतःचा मोबाईल नंबर जोडा. नवऱ्याचा नाही, पोराचा नाही, स्वतःचा. पैसे निघाले की मेसेज आपल्याला आला पाहिजे.

चौथं, अंगठा लावायच्या आधी रक्कम मशीनवर स्वतः बघा. "परत लाव" म्हटलं तर आधी विचारा, पहिल्यांदा काय झालं, पावती दाखव. आधारच्या ॲपमधून अंगठा कुलूपबंदही करता येतो. पण मग रेशनला आणि पैसे काढायला जाताना तो उघडायला विसरू नका.

पाचवं, पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन द्यायला लागतो. कुणी फोन करून म्हणालं "तुमचे पैसे आलेत, पिन टाका" किंवा "ओटीपी सांगा", तर फोन ठेवा. फसगत झालीच तर लाज धरू नका, त्याच घटकेला 1930 या नंबरावर फोन करा. जितका उशीर तितके पैसे लांब.

आमच्या बैठकीच्या वहीत पूर्वी एक रकाना होता, "सही येते का". काही वर्षांपूर्वी तो रकाना आम्ही काढून टाकला, कारण सगळ्यांना येत होती. यंदा त्याच जागी नवा रकाना आखला आहे, "स्वतःचं खातं स्वतः बघते का". अकरा जणींपैकी सात जणींच्या नावापुढे होय लिहिलं आहे. त्या मावशीच्या नावापुढेही आहे, तिने स्वतःच लिहिलं. चार राहिल्या आहेत. बुधवार दर आठवड्याला येतो.

तुमच्या गटाच्या वहीत हा रकाना आखा, आणि किती जणी झाल्या ते आम्हाला कळवा.